शिळं पाणी ठेवणाऱ्या ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. फोन लातूरहून होता, बिराजदार गुरुजींचा. ते ताईंच्या सोसायटीचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे मृत्यूची बातमीसुद्धा ते प्रार्थनेनंतरच्या सूचनेसारखी देतात. "वहिनी, धीर धरा. ताई पहाटे गेल्या. श्रीकांतरावांना हळू सांगा." श्रीकांत माझ्या मागेच उभा होता. हळू सांगायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी अजून महिना-दोन महिने आहेत असं सांगितलं होतं, म्हणून रविवारी त्यांना भेटून आम्ही घरी परतलो होतो...

शैलाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, थोरली बहीण. मूळ गाव उमरी, नोकरी लातूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राची. त्यांनी लग्न केलं नाही, आणि जेवणाच्या पंगतीत सांगायची सोय नाही अशा विषयावर उभी हयात घालवली. नळाचं पाणी निर्जंतुक करायला त्यात क्लोरीन घालतात. ते क्लोरीन पाण्यातल्या कुजलेल्या पाल्याशी, शेवाळाशी, गाळाशी मिळून काही नवी द्रव्यं तयार करतं. ही द्रव्यं जन्मभर पोटात गेली तर माणसाला कॅन्सर होण्याचा धोका किती वाढतो, हे मोजणं हा त्यांचा विषय. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. माणसं आपापल्या विषयासारखी कशी होतात ते मी कपाटांच्या आडून पुष्कळ पाहिलं आहे. ताई मात्र विषयासारख्या झाल्या नाहीत, विषयच त्यांच्यासारखा झाला. नेमका, कोरडा आणि कुणालाच खूश न करणारा.

आम्ही लातूरला पोचलो तेव्हा घरात बायका जमल्या होत्या. ताईंच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली रुंद तोंडाची दोन पातेली, एक पितळी घागर आणि स्टीलची टाकी होती, सगळी भरलेली. त्यांच्यावर पातळ सुती फडकी होती आणि शेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं होतं. लातूरला नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी तेवढ्यातही येत नाही. ज्यांनी तिथं दिवस काढलेत त्यांना भरलेल्या भांड्यांची किंमत सांगायला नको. एक म्हातारी बाई म्हणाली, "मयताच्या घरचं पाणी ठेवत न्हाईत बाई. समदं ओता." मी पहिलं पातेलं उचललं. दुसरं उचललं. घागर जड होती, तर शेजारणीनं हात लावला. मोरीच्या तोंडाशी पाणी घुसमटून परत वर येत होतं, एवढं ते होतं. मला ठाऊक होतं की हे पाणी ताईंनी बसू दिलेलं आहे, ते त्यांचं काम आहे. ओतायचं नाही, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. बायका बघत होत्या. मी टाकी तिरकी केली.

ही भांडी अशी का ठेवलेली असत ते सांगायला हवं. आपल्याकडे कालचं पाणी म्हणजे शिळं पाणी. नळ आला की बायका आधी घरातलं शिळं ओततात आणि मग ताजं भरतात. भर दुष्काळात, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातसुद्धा, नळाचा सुस्कारा ऐकू आला की गल्लीतल्या गटारी वाहायला लागत. ताई सांगत की बायांनो, ओतू नका. पाण्यातली ती वाईट द्रव्यं हवेत उडून जाणारी आहेत. रुंद भांड्यात, वर नुसतं फडकं टाकून पाणी एक दिवस बसू दिलं, किंवा झाकण न ठेवता उकळलं, की त्यातली बरीच जातात. फक्त हात बुडवायचा नाही, ओगराळ्यानं घ्यायचं. म्हणजे शिळं पाणी ताज्यापेक्षा बरं. हे त्यांनी एका महिला मंडळात सांगितलं तेव्हा हळदीकुंकवाचं तबक हातात धरून बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "घरी एकटीच राहत्यात ना, भरायचा कंटाळा येत असंल." त्याच भाषणात ताईंनी पुढचं सांगितलं. ही द्रव्यं गरम पाण्याच्या वाफेतूनही छातीत जातात, तेव्हा अंघोळ करताना न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. त्यानंतर त्या मंडळाचं आमंत्रण कधी आलं नाही.

एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर घरोघरी हिंडले. धोका मोजायचा तर माणूस दिवसाला किती पाणी पितो ते आधी कळायला हवं. जगभरच्या हिशोबात माणशी दोन लिटर धरतात. ताई म्हणायच्या, "ज्यानं हा आकडा काढला त्याला वैशाखात आमच्याकडे कापूस वेचायला आण... नाही, वैशाखात कापूस नसतो, नुसता उभा कर." पण लोक सांगायला तयार नसत. पहिल्या घरी एका बाईला विचारलं, "दिवसातून किती तांबे पाणी पिता?"

"लई न्हाई पीत बाई. घोटभर."

"पूर्ण दिवसात घोटभर?"

"हाव. आमच्यात पाणी पीतच न्हाईत कुणी."

तिचा नवरा दाराशी तांब्या तोंडाला लावून उभा होता. त्याचा कंठमणी खालीवर होत होता. तांब्या खाली ठेवून तोही म्हणाला, "न्हाई पीत." आम्ही नगरपालिकेच्या बाया आहोत आणि जास्त पितो म्हटलं की नळ तोडणार, अशी त्यांची समजूत. शिवाय टंचाईत पाणी पिणं म्हणजे दुसऱ्याच्या वाटचं पिणं, त्याचीही लाज. आणि हे सगळं नाकारून झालं की तीच बाई आत जाऊन आमच्यासाठी तांब्या-भांडं घेऊन यायची. ताईंनी मग प्रश्न विचारणं सोडलं. नुसत्या ओसरीवर बसून गप्पा मारायच्या आणि तांब्या किती वेळा भरला जातो ते पाहायच्या. मी विचारलं, "ताई, हे शास्त्र आहे का?" म्हणाल्या, "माधवी, लोक खोटं बोलतात तेव्हा तांब्याला विचारणं हेच शास्त्र."

मोठ्या लोकांशी त्यांचं जमलं नाही. मोठ्या लोकांना एक तर 'शंभर टक्के शुद्ध' म्हणायचं असतं, नाही तर 'विष'. ताई मधलं काही तरी म्हणत आणि मधल्याचा फलक करता येत नाही. पाण्यावरच्या एका परिसंवादाला मी गेले होते. मंचावर कलश, कलशात पाणी, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या, आणि प्रत्येक मान्यवरापुढं झाकणबंद बाटली. प्रमुख पाहुण्यांनी शहराच्या पाण्याची शुद्धता पाऊण तास गायली. ताई बोलायला उठल्या आणि माईकवरच म्हणाल्या, "मला प्यायला नळाचं पाणी मिळेल का?" धावपळ झाली. एक शिपाई बाहेर गेला. सभागृहाची काच पारदर्शक होती, त्यामुळे तो व्हरांड्यात बाटलीचं झाकण फोडून ग्लासात ओततोय ते सगळ्यांनी पाहिलं. ताई ते पाणी शांतपणे प्यायल्या आणि त्यांनी सांगितलं: धोका आहे, पण लहान आहे. तो कमी करायचा तर गाळ, शेवाळ, पाला आधी काढा आणि मग क्लोरीन घाला, म्हणजे ती द्रव्यं मुळात कमी तयार होतील. पण क्लोरीन बंद करू नका. कॅन्सरचा हिशोब जन्मभराचा असतो, काविळीचा पंधरवड्याचा. आणि पाण्यातून येणारी एक कावीळ अशी आहे की ती गरोदर बाईला धरते आणि सोडत नाही. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा आला की पाण्यात कॅन्सर, प्राध्यापिकेचा इशारा. पाणीपुरवठ्याचा एक अधिकारी घरी येऊन भांडून गेला, आणि त्याच संध्याकाळी पाण्याविरुद्ध मोर्चा काढणारे लोक पुष्पगुच्छ घेऊन आले. ताईंनी दोघांनाही चहा दिला. आणि दोघांनाही सांगितलं, "तुम्ही माझं अर्धंच ऐकलंत."

पुढं त्यांच्या सोसायटीनं तरी पूर्ण ऐकलं. ताईंनी तिथला हौद वर्षातून दोनदा धुवायला लावला, तळाचा गाळ काढायला लावला, आणि मग ब्लिचिंग पावडर किती घालायची ते बिराजदार गुरुजींना शिकवलं. गुरुजी ते पाढ्यासारखं म्हणत. त्या सोसायटीत कित्येक वर्षं कुणाला पाण्याचा आजार झाला नाही. न झालेल्या आजाराचा सत्कार कुणी करत नाही, त्यामुळे ती गोष्ट तशीच राहिली.

आणि मग त्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला.

हे वाक्य लिहिताना मला कळतं आहे की वाचणाऱ्याच्या मनात काय येणार. ताईंनाही कळलं होतं. क्लोरीनच्या त्या द्रव्यांच्या संदर्भात ज्या आजाराचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं, तोच हा. त्यांनी आजाराचं नाव कुणाला सांगितलं नाही. लघवीचा त्रास आहे, म्हणायच्या. एरवी न्हाणीघरावर जाहीर भाषण करणारी ही बाई, पण आजार लपवताना मी त्यांना पहिल्यांदा ओशाळलेलं पाहिलं. ऑपरेशननंतर दवाखान्यात दुपारी आम्ही दोघीच होतो. श्रीकांत औषधं आणायला खाली गेला होता. ताई म्हणाल्या, "माधवी, लोकांना कळलं की म्हणतील, बघा."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय? पावडर बंद करतील." त्यांना धाप लागत होती. "माझ्यावरून काही ठरत नाही गं. माझा हिशोब लाखो माणसांचा. त्यातलं एक कोण, ते हिशोबाला माहीत नसतं. मी कॉलेजच्या त्या लॅबमध्ये पंखा नसताना अख्खी नोकरी काढली. वडील रोज बिड्यांचं बंडल ओढायचे, मी त्यांच्या मांडीवर वाढले. वय झालं. यातलं काय, की यातलं काहीच नाही, कोण सांगणार?"

मी त्यांना बोलू नका म्हणाले. त्या बोलल्या, "श्रीकांत रडेल. तुला बोलता येतं. तू सांग."

मी हो म्हणाले.

शोकसभा सोसायटीच्या गणपतीच्या हॉलमध्ये होती. ताईंचा फोटो एवढा मोठा केला होता की त्या कुठल्या तरी खात्याच्या माजी मंत्री वाटत होत्या. खाली 'जलतपस्विनी' असं लिहिलं होतं. या शब्दाला ताई काय म्हणाल्या असत्या ते मला नीट माहीत आहे आणि ते इथं छापता येणार नाही. वक्त्यांनी त्यांना गंगा म्हटलं, गोदावरी म्हटलं, मांजरा म्हटलं. एकानं तर शहराची आई म्हटलं, तो मोर्चाच्या पुष्पगुच्छातला होता. मग श्रीकांत उठला. तो बँकेत होता, आयुष्यात माईकसमोर उभा राहिलेला नव्हता. आजाराचं नाव त्यानं सांगून टाकलं आणि म्हणाला, "माझ्या बहिणीनं जन्मभर ज्या विषाचा शोध घेतला, त्या विषानंच तिला मारलं. तुमच्या-आमच्या पाण्यानं मारलं तिला." पुढं त्याला बोलता येईना. हॉलमध्ये हुंदके ऐकू आले. बिराजदार गुरुजी उठले, डोळे पुसले आणि त्यांनी जाहीर केलं की आजपासून सोसायटीच्या हौदात पावडरचा कणही पडणार नाही, हीच ताईंना खरी श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. मग ही शोकसभा आहे हे आठवून त्या मधेच थांबल्या.

आणि माझं नाव पुकारलं.

मी उठले. पंधरा पावलं... किती ते कुणी मोजलं. माईकपाशी गेले तेव्हा श्रीकांत पहिल्या रांगेत रुमालात तोंड खुपसून बसला होता. ताईंनी सांगायला सांगितलेलं जे आदल्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात सरळ ओळीत लागलं होतं, ते सगळं जागच्या जागी होतं. एकही शब्द विसरले नव्हते. पण ते बोलायचं म्हणजे रडणाऱ्या भावाला भर सभेत खोडून काढायचं. मी म्हणाले की ताईंना कैरीचं लोणचं आवडायचं. त्या पुस्तकं वेळेवर परत करायच्या. त्यांचा स्वभाव शिस्तीचा होता. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं नंतर माझा हात धरून सांगितलं, "किती छान बोललात हो." दुसऱ्यांच्या पोकळ भाषणांना मी आयुष्यभर हसत आले. त्या दिवशीचं सगळ्यांत पोकळ भाषण माझं होतं, आणि मला ते बोलताना कळत होतं.

त्यानंतर काही आठवडे मी स्वतःला समजावत राहिले की लोक विसरतात, घोषणा तर सगळेच करतात. मग गुरुजींचा फोन आला. आवाज आनंदी होता. "वहिनी, आमची पूजा आलीय बाळंतपणाला. सातवा चालू आहे. बारशाला यायचं बरं का. आणि ताईंचा शब्द आम्ही पाळून राहिलो. चिमूटभर पावडर नाही, ना हौद धुतला. ताईंनंतर कुणी हात लावायचा, म्हटलं." पलीकडून पूजाचा आवाज आला, "बाबा, काकूंना माझा नमस्कार सांगा." मी आशीर्वाद दिला. फोन ठेवला. पावसाळा लागला होता. गटारीचं पाणी नळाच्या पाइपात कसं शिरतं, हे लातूरच काय, नांदेडलाही कुणाला शिकवावं लागत नाही.

श्रीकांतला सांगितलं तर तो आधी चिडला. "सभेत गप्प बसलीस ना? मग आता कशाला?"

"तेव्हा गप्प बसले म्हणूनच."

"म्हणजे मी खोटं बोललो."

"तू रडत होतास."

"मग कशानं गेली ती? सांग ना. तू एवढं वाचतेस."

मी त्याला दवाखान्यातलं सगळं सांगितलं, ताई शेवटी 'तू सांग' म्हणाल्या तेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "श्रीकांत रडेल, असं म्हणाली?" मी हो म्हटलं. तो आत गेला आणि बॅग काढली.

लातूरला गुरुजींकडे पोचलो तेव्हा त्यांना वाटलं आम्ही पूजाला बघायला आलो. पूजा पाय लांब करून सोफ्यावर बसली होती, उठायला लागली तर श्रीकांतनं तिला बसवलं. चहा झाला. श्रीकांत म्हणाला, "गुरुजी, पावडर सुरू करा. आज. आधी हौद धुवा." आणि त्यानं काविळीचं सांगितलं. पूजासमोर सांगितलं, कारण ऐकायची गरज सर्वांत जास्त तिला होती. गुरुजींच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण मुख्याध्यापक लगेच हार मानत नाहीत. "श्रीकांतराव, मी सभेत जाहीर केलंय. आता लोकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"मी सांगतो. बोललो मीच होतो."

"आणि मग ताई कशानं गेल्या?"

श्रीकांतनं हातातली बशी टेबलावर ठेवली. मला वाटलं तो पुन्हा रडणार. तो म्हणाला, "माहीत नाही, गुरुजी. तिलाही माहीत नव्हतं." ताईंच्या सगळ्या अभ्यासात मी याहून अवघड वाक्य वाचलेलं नाही. मला ते त्या माईकवर जमलं नव्हतं, आणि मी तर नुसती भावजय.

संध्याकाळी आरतीनंतर त्यानं लोकांना थांबवलं आणि तेच सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. मग मी बोलले. फोटो तिथंच होता, हार सुकला होता. मी हिशोबाचं, लाखो माणसांचं, गाळाचं सांगितलं. अर्ध्या लोकांनी ऐकलं, काही मोबाइल बघत राहिले, एकानं विचारलं की मग जलतपस्विनी हा शब्द काढायचा का. मी म्हटलं, काढा. कुणाला फार काही वाटलेलं दिसलं नाही. वेळेवर बोललं असतं तर जे धाडस ठरलं असतं, ते उशिरा बोललं की नुसती सूचना असते. माझी लाज त्यानं कमी झाली नाही आणि ती व्हावी अशी माझी अपेक्षाही नाही. पूजाची रक्ततपासणी गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी करून घेतली. ती ठीक निघाली. ते आमच्यामुळे नव्हे. निव्वळ योगायोग, एवढं सांगण्याइतकं तरी मी ताईंकडून शिकले आहे.

हौद धुतला गेला, गाळ निघाला, पावडर पडली. आम्ही निघायच्या सकाळी पूजानं ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणले. तिनं स्वतःचा ग्लास तोंडाशी नेला आणि नाक मुरडलं. "काका, वास येऊन राहिलाय पाण्याला."

"हाव," श्रीकांत म्हणाला, "येणारच."

त्यानं आपला ग्लास उचलला. क्षणभर तो तसाच धरून ठेवला. मग पूजाकडे बघत, एका दमात नव्हे, सावकाश, सगळा प्याला. आणि रिकामा ग्लास तिच्यापुढं धरून म्हणाला, "आणखी आण बाळा."